‘नंतर’ला ‘म्हणून’ म्हणणारं गाव

माझ्या आत्यानं बोअर घेतला आणि आठवडाभरात आमच्या गावची जमीन हादरली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्याच क्रमानं घडल्या. त्यांच्या मधे गावानं जो एक शब्द घुसवला, त्याचा राग मला आजही येतो. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गाव औंढा तालुक्यात, डोंगराच्या उतरणीला. बाजाराला शिरड शहापूरला जायचं. मी हिंगोलीत राहते, अकरावी-बारावीच्या पोरांना मराठी शिकवते. गावात माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची लेकरं. आणि आत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी बायको केल्यावर ती तरुणपणीच माहेरी परतली ती कायमची. वडिलांनी तिला डोंगराच्या अंगावरचा एक खडकाळ तुकडा दिला. तिथं ज्वारी धड येत नाही, पण शेळ्या पोसता येतात. तिनं शेळ्याच पोसल्या. गावची लेक म्हणून सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा.

आत्या तोंडाची फटकळ. पाण्यासाठी ती शेळ्या घेऊन गावातल्या हापशावर जायची आणि तिथं रोज कुणाशी तरी वाजायचं. शेळ्या लेंड्या टाकतात, हौदात तोंड घालतात, बायकांच्या कळशा लवंडतात, अशा तक्रारी. त्या खोट्या नव्हत्या. शेवटी एका उन्हाळ्याच्या तोंडावर आत्यानं काही शेळ्या विकल्या आणि आपल्या तुकड्यात बोअर घेतला. पाणी लागेल असं कुणालाच वाटत नव्हतं. लागलं. शिरडचे एक चाचा आमच्याकडच्या सगळ्या मोटारी बसवतात, त्यांनीच मोटार सोडली. पहिलं पाणी गढूळ आलं, मग निवळलं. अर्धा गाव ते बघायला चढून गेला होता. बायकांनी ओंजळीनं पिऊन पाहिलं. “गोड हाये आत्या,” म्हणाल्या. आमचे गुरुजी, म्हणजे गावच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, ज्यांनी मला बाराखडी शिकवली ते, त्यांनी नारळ फोडला.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी सकाळी, चुलीवर भाकरी असताना, जमिनीच्या पोटातून आवाज आला.

आमच्या भागात हा आवाज नवा नाही. औंढा, वसमत, कळमनुरी, सगळीकडे लोकांनी तो ऐकलेला आहे. लांब कुठंतरी ट्रक रिकामा होतोय असं वाटतं आणि मग पायाखालचं एकदा थरथरतं. माझ्या लहानपणापासून नसला, तरी कितीतरी वर्षांपासून आहे. साहेब लोक येऊन यंत्रं लावून गेले, अभ्यास चालू आहे म्हणाले. त्या सकाळी मात्र जोर जास्त होता. फळीवरचे डबे पडले. शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. लेकरं रडत अंगणात आली. कुणाला लागलं नाही, पण गाव घाबरलं. घाबरायलाच पाहिजे होतं. मीही हिंगोलीत घाबरले, कारण आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा पंखा झुलत होता.

भीतीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

दुपारी मारुतीच्या ओट्यावर कुणीतरी बोललं, “आत्यानं डोंगराला भोक पाडलं अन् पाहा.” हे पहिल्यांदा कोण बोललं ते आजपर्यंत कळलं नाही. विचारलं तर प्रत्येकजण म्हणतो, मी ऐकलं. गंमत म्हणून बोललेलं वाक्य असणार. पण दिवस मावळेपर्यंत त्यातली गंमत गेली. दुसऱ्या दिवशी आत्या शेळ्या घेऊन उतरली तेव्हा एका बाईनं तिला बघून लेकराला आत ओढलं. आत्यानं मला फोन केला.

“तू येतीस का रविवारी? हे लोक येडे झालेत.”

“काय झालं?”

“माह्या बोअरनं जिमीन हालली म्हनतेत. आईतवारी बैठक हाये.”

मी हसले. फोनवर चक्क हसले. आत्या हसली नाही.

रविवारी मी पोचले तेव्हा मारुतीच्या सभामंडपात पुरुष बसले होते, बायका कडेनं उभ्या. गुरुजी मधोमध. सरपंच होते, पण त्या दिवशी बोलायचं काम गुरुजींकडं होतं. आत्या खाली पायरीवर बसली होती. माझा भाऊ खांबाला टेकून उभा होता, माझ्याकडं न बघता.

गुरुजींनी शाळेत सुरुवात करायचे तशी सुरुवात केली. आवाज शांत, बोट वर.

“आजपावतो डोंगराच्या या अंगाला बोअर न्हवता. बराबर? बोअर झाला. आठवडा न्हाई झाला तर हादरा बसला. आता याच्यात इचार करायसारखं काय हाये? बोअर बुजवायचा.”

लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं होतं, एखादा तरी म्हणेल की गुरुजी, त्याच आठवड्यात तुमच्या घरी नातवाचं बारसं पण झालं. कुणी म्हणालं नाही. म्हणून मी म्हणाले.

“गुरुजी, त्या आठवड्यात गावात पुष्कळ गोष्टी झाल्या. बारसं झालं, शाळेला रंग दिला, कोपऱ्यावर किराणा दुकान निघालं. हादरा त्या सगळ्यांच्या नंतर बसला. मग बोअरच काहून धरला?”

“बारशानं जिमीन हालती का?” एक तरुण म्हणाला आणि हशा पिकला.

“न्हाई हालत. बोअरनं हालती हे कशावरून?”

“बोअर जिमिनीत जातो.”

“तुमच्या शेतातला कुठं जातो?”

हशा थांबला. गुरुजी म्हणाले, “ते खाली हायेत, सपाटीला. हा डोंगराच्या अंगावर हाये.”

“बरं. मागच्या साली आवाज झाला तेव्हा डोंगराच्या अंगावर काय होतं?”

“तो बारका आवाज होता.”

“आणि परवा डोंगरकडा गावात पण भांडी पडली. कुरुंद्यात लोक बाहेर पळाले. माझा हिंगोलीतला पंखा हालला. एवढ्या लांबचं सगळं आत्याच्या बोअरनं हाललं का?”

यावर गुरुजींनी जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या गावाचं आपल्याला काय करायचं? आपन आपल्या गावापुरतं बोलून राहिलो.”

म्हणजे जो दाखला त्यांच्या म्हणण्याच्या आड येतो, तो गावाबाहेरचा. मी एकेक कुंपण ओलांडत होते आणि ते कुंपण उचलून पुढं नेऊन ठेवत होते. हे सगळं त्यांना न कळता होत असतं तर मला एवढा राग आला नसता. ज्या माणसानं मला हाताला धरून पाटीवर ‘म्हणून’ लिहायला शिकवलं, त्याला ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ यातला फरक कळत नाही हे मी मानायला तयार नाही. त्यांना कळत होता. पण घाबरलेल्या गावाला उत्तर पाहिजे होतं आणि उत्तर देणारा माणूस म्हणून ते मधोमध बसले होते. ती जागा त्यांना सोडवत नव्हती.

मग वाद माझ्यावर आला. हे नेहमी होतं. बोलण्याला उत्तर सापडलं नाही की बोलणाऱ्याला धरतात. 

“तू हिंगोलीत फ्लॅटमधी राहतीस,” सरपंच म्हणाले. “हितं आमची लेकरं मातीच्या भिंतीखाली निजतेत. तुला काय तकलीफ?”

“मी कुठं राहते त्यानं बोअरचा गुण बदलतो का?”

“म्हंजे आमच्या लेकरायचं तुला काही न्हाई.”

असं मी म्हटलंच नव्हतं. पण ते म्हटल्यासारखं सगळ्यांनी ऐकलं. कडेच्या बायकांत कुजबुज झाली आणि माझ्याबद्दल जी थोडी आपुलकी होती ती तिथंच संपल्यासारखी वाटली. मी कितीही म्हणाले, लेकरांची मला काळजी आहे, भिंतीला आधार लावा, शाळा दोन दिवस बाहेर झाडाखाली भरवा, तालुक्याला अर्ज करू, त्यातला एक शब्द कुणाच्या कानात शिरला नाही. त्यांच्यापुढं दोनच वाटा ठेवल्या होत्या: लेकरं नाहीतर बोअर. तिसरी वाट दाखवणारा आपोआप लेकरांचा वैरी.

मागून एकजण बोलला, “मोटार कोनी टाकली ते बी पाहा. त्याहीच्या मनात काय असंल कोनाला ठावं.”

चाचांबद्दल होतं ते. चाचांनी या गावातल्या सगळ्या मोटारी बसवल्यात. गुरुजींच्या विहिरीवरची पण त्यांचीच. मी तसं म्हणाले. गुरुजी खाली बघत म्हणाले, “तवाची गोष्ट येगळी होती.” काय वेगळी होती ते कुणी विचारलं नाही. मी तरीही विचारलं. मागून आलेलं ते वाक्य मागं घ्या असं कुणी म्हणालं नाही.

आता आत्या उठली. “मी बोलू का?” म्हणाली.

“बोल की,” सरपंच म्हणाले.

“माह्या बोअरनंच जिमीन हालली हे कोन पाह्यलं?”

तेव्हा कोपऱ्यातून एक म्हातारा, जो नात्यानं आमचा चुलता लागतो, शांतपणे म्हणाला, “नवऱ्यानं तुला उगाच टाकलं व्हय? जिथं जातीस तिथं काही ना काही होतंच.”

कुणाला तरी लाज वाटली असेल. मला तेवढंच पुरेसं वाटलं असतं, एक जण उठून ‘काका, हे बोलणं बरं नाही’ म्हणाला असता तर. कुणी उठलं नाही. आत्याचा चेहरा मी बघितला नाही. मला बघवला नाही.

गुरुजींनी शेवटचा मुद्दा काढला. मला म्हणाले, “तू शिकलेली हायेस. तूच सिद्ध करून दाव, बोअरनं हालली न्हाई म्हनून. मग आमी मानू.”

“गुरुजी, आरोप तुमी केला. सिद्ध तुमी करायचं.”

“एवढं सारं गाव म्हनून राहिलं, ते खोटं?”

“सारं गाव म्हणून राहिलं ते तुमचं ऐकून.”

इथं माझा भाऊ पहिल्यांदा बोलला. मला वाटलं, आता हा आपल्या आत्याची बाजू घेईल. तो म्हणाला, “वाद काहून वाढवायचा? बोअर बुजवू नका. मोटार काढून घेऊ, तोंडावर सिमिट टाकून झाकू. दोघायचं बी राहील.”

लोकांना ते फार आवडलं. समजूतदार माणूस, म्हणाले. एक जण म्हणतो दोन आणि दोन चार, दुसरा म्हणतो सहा, म्हणून पाच ठरवणारा माणूस समजूतदार. त्या पाचात आत्याचं पाणी गेलं.

सोमवारी मी रजा टाकून थांबले. सकाळी दहा-बारा जण फावडी, वाळू, सिमेंट घेऊन चढले. मागून बायका. आत्या बोअरच्या पाइपाला धरून बसली होती. शिव्या देत नव्हती, जे तिच्या स्वभावाच्या अगदी उलट. मी वाटेत आडवी उभी राहिले. पोलिसात जाईन म्हणाले. एकानं मला, “ताई, बाजूला व्हा,” म्हणून हातानं नव्हे, वाळूच्या पाटीनं बाजूला सारलं. ज्या बायकांनी ओंजळीनं पाणी पिऊन गोड म्हटलं होतं, त्यातल्या दोघींनी आत्याच्या काखेत हात घातले. ती उठेना. तेव्हा माझा भाऊ पुढं आला आणि त्यानं तिचे हात पाइपावरून सोडवले, एकेक बोट करून.

“ऊठ आत्या,” तो म्हणत होता. “ऊठ. लोक पाहून राहिले.”

लोक बघत होते म्हणून त्याला लाज वाटत होती. मला त्या क्षणी त्याच्या हातावर काहीतरी मारावंसं वाटलं. मारलं नाही.

मोटार वर काढली, तोंडावर फरशी बसवली, सिमेंट ओतलं. गुरुजी आले नव्हते. ते म्हणे घरी पोथी वाचत होते.

मी ठाण्यात गेले. जमादारानं चहा पाजला आणि म्हणाला, “मॅडम, आत्याला तिथंच राहायचंय ना? गावाशी वाकडं काहून घेता?” हेही मला ओळखीचं झालं होतं: खरं काय ते बाजूला ठेवायचं आणि खरं म्हटल्यानं काय तोटा होईल तेवढं सांगायचं. त्यानं तक्रार घेतली, पण कुणी कधी आलं नाही.

नंतरचे काही आठवडे मी एका गोष्टीची वाट बघत होते. ती वाट बघणं चांगलं नव्हतं हे मला माहीत होतं, पण बघत होते. आणि मग पुन्हा आवाज झाला. भल्या सकाळी, पहिल्यापेक्षा थोडा कमी. माझ्या मनात पहिला विचार आला: आता कळेल. बोअर बंद आहे आणि जमीन हालली. आता तरी कुणीतरी तोंड वर करून म्हणेल की चुकलं.

मी भावाला फोन लावला. “काय म्हणतेत गुरुजी?”

तो म्हणाला, “गुरुजी म्हनतेत, बुजवायला उशीर झाला. जिमीन एकदा दुखावली की लगेच भरून येत न्हाई.”

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि एक स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. वयाच्या पन्नाशीत. त्या दिवशी मला नीट कळलं की मी कशाशी भांडत होते. जमीन हालली तर बोअर उशिरा बुजवला म्हणून. नाही हालली तर बोअर बुजवला म्हणून. पुढं खरोखर महिना-दीड महिना सगळं शांत राहिलं तेव्हा गावात हेच बोलत होते, पाहा, उपाय लागू पडला. जगात काहीही घडलं तरी त्यांचं खरंच होत राहणार. जे म्हणणं कशानंच खोटं पडत नाही, त्याच्यापुढं दाखले ठेवून काय होतं? मी दाखले ठेवत होते.

पेला फेकला त्याच आठवड्यात मला वर्गात उभयान्वयी अव्ययं शिकवायची होती. फळ्यावर लिहिलं: ‘कोंबडा आरवल्यानंतर उजाडलं.’ खाली लिहिलं: ‘कोंबडा आरवला म्हणून उजाडलं.’ मुलं हसली. मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हणाले, आज हसताय, बरं आहे; भीती वाटत असताना पण हसता आलं पाहिजे. ती गोंधळून बघत राहिली. मी पुढचं शिकवलं.

आत्यानं माझी वाट बघितली नाही. शिरडच्या बाजाराचा दिवस होता, गावात पुरुष माणूस फारसा नव्हता. भर दुपारी ती सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणि घण घेऊन आपल्या तुकड्यात गेली आणि सिमेंट फोडायला लागली. चाचांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. ते बाजारातून उलटे मोटरसायकलवर आले, कसलीही विचारपूस न करता मोटार पुन्हा सोडली. आत्या सांगते, ते घाबरले होते. तरी आले. संध्याकाळी गाव परतलं तेव्हा शेळ्या बोअरच्या पाण्यावर होत्या आणि आत्या सब्बल मांडीवर घेऊन बसली होती.

सरपंच आले. “पुन्हा हादरा बसला तर?”

“तर बसला,” आत्या म्हणाली. “आता जो हात लावील त्याच्या डोक्यात हे घालीन. मंग हादरा कशानं बसला ते त्याला बराबर कळंल.”

कुणी हात लावला नाही. जे माझ्या सगळ्या युक्तिवादांनी झालं नाही ते सब्बलीनं झालं. याचा मला आनंद नाही. सब्बलीनं काहीच सिद्ध होत नाही. उद्या ती दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. पण आत्याच्या शेळ्या जगल्या, हे खरं.

उन्हाळ्याच्या शेवटी हापसा बिघडला. दुरुस्तीला माणूस येईना. मी तेव्हा आत्याकडंच होते. सकाळी गुरुजींची सून दोन कळशा घेऊन वर आली. कडेला उभी राहिली, पदर सावरत. आत्याला बोअरपाशी काखेत हात घालून उठवणाऱ्या दोघींपैकी ती एक.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. “जिमीन कशानं हालती गं?”

सुनेनं खाली मान घातली. “मला काय ठावं आत्या.”

“मला बी न्हाई ठावं,” आत्या म्हणाली. “एवढंच तवा म्हनायचं होतं.” आणि मोटारीचं बटण दाबलं.

मी पाणी दिलं नसतं. आत्याला तसं म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, “तहानंला का अक्कल लागती? मी भर म्हनलं, तिनं भरलं.” त्या दिवसापासून बायका येतात. माफी हा विषयच नाही. गुरुजी आत्याला रस्त्यात भेटले तर रामराम करतात आणि तीही करते. मी करत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा भाऊ मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी हिंगोलीला आला. माझ्याकडं जेवायला बसला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, “अजून मनात धरून बसलीस का? झालं गेलं.”

“झालं न्हाई, दादा. केलं.”

“गावात राहून पाहा म्हंजे कळंल.”

“गावात राहणारी आत्याच होती.”

त्याचा मुलगा आमच्या दोघांकडं बघत होता. वरणाची वाटी मी दादापुढं केली, त्यानं घेतली. हात धुताना तो म्हणाला, “तिची बोटं सोडवली तवा एक नख उखडलं होतं. मला न्हंतर दिसलं.” मी टॉवेल दिला. त्यानं हात पुसले, मुलाच्या कागदांची पिशवी उचलली आणि दोघं जिना उतरून गेले.